बारा गुण, आणि ते मागायचे कुणाकडे

फ्रान्समधल्या रँस शहरात १६८० नंतरच्या एक-दोन वर्षांत काही शाळामास्तर फार अस्वस्थ होते. गरीब मुलांना ते फुकट शिकवायचे. मिळकत तुटपुंजी होती, आणि उद्या शाळा बंद पडली तर पोट कसं भरायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. त्यांच्यावर देखरेख करणारा तरुण धर्मगुरू त्यांना धीर द्यायचा : देवावर भरवसा ठेवा, तो पाखरांना उपाशी ठेवत नाही, तुम्हाला कसा ठेवील? मास्तरांनी एकदा त्याला तोंडावर सुनावलं. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की तुम्हाला हे म्हणणं परवडतं. वडिलोपार्जित संपत्ती आहे, कॅथीड्रलमधलं मानाचं पद आहे, त्या पदाचं उत्पन्न आहे. शाळा बुडाल्या तर आम्ही रस्त्यावर येऊ. तुमचं काय जाणार?

हा तरुण म्हणजे जाँ-बातिस्त द ला साल. जन्म १६५१ चा, घर खानदानी, पंधराव्या वर्षीच रँसच्या कॅथीड्रलमधलं कॅनन हे मानाचं पद मिळालेला. शाळांशी त्याचा संबंध आला तो जवळजवळ अपघाताने. १६७९ मध्ये आद्रियाँ न्येल नावाचे एक गृहस्थ रुआँहून गरीब मुलांसाठी शाळा काढायला आले, ला सालने त्यांना थोडी मदत केली, आणि त्या मदतीतून पुन्हा कधी त्याची सुटका झाली नाही. शाळामास्तर हा तेव्हा समाजात फार खालचा माणूस. सुरुवातीला आपण या मास्तरांना आपल्या घरच्या नोकराहूनही कमी लेखत होतो, असं ला सालने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. तरीही १६८१ मध्ये त्याने त्यांना आपल्या घरी राहायला आणलं. नातलग संतापले. घराण्याची अब्रू गेली असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या जागी आपले काका-मामा असते तर त्यांनाही तसंच वाटलं असतं.

मास्तरांचा टोला त्याला बरोबर लागला. १६८३ मध्ये त्याने कॅननपद सोडलं. १६८४-८५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा वाट्याला आलेली संपत्ती त्याने पाव विकत घेऊन भुकेल्यांना वाटण्यात संपवली. त्या पैशातून शाळांसाठी कायम ठेव करून ठेवता आली असती. त्याने ती केली नाही. व्यवहारी माणसाला हे वेडेपण वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्यानंतर देवावर भरवसा ठेवा असं तो म्हणाला, तेव्हा त्याला उलटून बोलायला एकही मास्तर उरला नव्हता.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण असं, की हे पुस्तक ज्या यादीभोवती उभं आहे, ती यादी याच माणसाची आहे. चांगल्या शिक्षकाचे बारा गुण त्याने सांगितले : गांभीर्य, मौन, नम्रता, विवेक, शहाणपण, धीर, संयम, सौम्यता, तळमळ, दक्षता, भक्ती आणि औदार्य. त्याने नुसती नावं दिली, विवरण केलं नाही. विवरण केलं ते त्याने स्थापन केलेल्या संघाचे प्रमुख ब्रदर आगातों यांनी, १७८५ मध्ये. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सहासष्ट वर्षांनी. लगेच राज्यक्रांती आली आणि १७९२ मध्ये फ्रान्समधला तो संघच बरखास्त झाला. यादी मात्र टिकली. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी ला सालला जगभरच्या शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलं, आणि त्या निमित्ताने बारा गुणही पुन्हा छापले गेले, वाचले गेले.

आपल्याकडच्या कॅथलिक शाळांमध्ये गुणांच्या याद्यांना तोटा नाही. फाटकातून आत गेलं की भिंतीवर रंगवलेल्या असतात, शाळेच्या डायरीच्या दुसऱ्या पानावर असतात, गॅदरिंगच्या स्वागतगीतातही येऊन जातात. आदर, प्रामाणिकपणा, करुणा, सेवा, शिस्त. या याद्यांमध्ये चुकीचं काही नाही. त्यांचा रोख तेवढा एका बाजूला आहे : मुलांकडे. मुलांनी आदर करावा, मुलांनी खरं बोलावं, मुलांनी शिस्त पाळावी. ला सालची यादी नेमकी उलट्या बाजूला तोंड करून उभी आहे. तिच्यात मुलांकडून काहीच मागितलेलं नाही. बाराही गुण मास्तरांकडे मागितले आहेत, आणि रँसमधला प्रसंग लक्षात ठेवला तर मास्तरांच्याही आधी ते शाळा चालवणाऱ्याकडे मागितले गेले होते. कॅथलिक शाळेचे आधारभूत सद्गुण कोणते, या प्रश्नाला या पुस्तकातले लेखक याच टोकाकडून भिडले आहेत, म्हणून मला ते प्रस्तावना लिहिण्याजोगं वाटलं.

सद्गुणांबद्दलची ख्रिस्तसभेची शिकवण थोडक्यात सांगून पुढे जाऊ. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वराभिमुख सद्गुण, पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रामुळे सर्वांच्या ओळखीचे. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार आधारस्तंभ. ही चौकडी ग्रीकांकडे होती, बायबलमधल्या ज्ञानग्रंथातही ती एका ओळीत येते, आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी तिची सविस्तर मांडणी केली. या परंपरेत सद्गुण म्हणजे चांगलं करण्याची अंगवळणी पडलेली, पक्की सवय. न्यायाने वागत राहिल्याने माणूस न्यायी होतो, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं अक्विनासने जसंच्या तसं उचललं. म्हणजे सद्गुण पाठ करता येत नाही. तो ज्यांच्या अंगात आहे त्यांच्याबरोबर रोज पाच-सहा तास काढले तर मुलाला त्याची लागण होण्याची शक्यता असते, एवढंच. ज्या वर्गात शिक्षकाचा पारा घंटेगणिक चढतो, तिथे संयमावरचा तक्ता कितीही सुबक असला तरी मुलं पारा चढवायलाच शिकतात.

मौनाचंच पाहा. शिक्षकाला मौन कशाला, असं कुणीही विचारील. ला सालने आपल्या सहकाऱ्यांच्या अनुभवातून शाळा चालवण्याचं एक नियमपुस्तक तयार केलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १७२० मध्ये छापलं गेलं. त्यात अक्षर कसं गिरवून घ्यावं इथपासून मुलं गैरहजर का राहतात इथपर्यंत सगळ्याचा विचार आहे. मास्तराने शक्य तितकं कमी आणि हळू बोलावं, असं त्यात बजावलं आहे. वाचन थांबव, पुन्हा वाच, पुढच्याने वाच, अशा नेहमीच्या सूचना तोंडाने न देता टक् असा आवाज करणाऱ्या एका छोट्या साधनाने आणि खुणांनी द्याव्यात. त्या काळी एकेका वर्गात पन्नासच्या वर पोरं असायची. मास्तर ओरडायला लागला तर त्याचा आवाज दुपारपर्यंत बसायचा, आणि पोरांचा आवाज त्याच्या वर चढायचा. तेव्हा यात व्यवहारही होता. पण बोलणारा थांबला की दुसऱ्याला बोलायला जागा होते, हेही त्यात होतं. आपल्याकडे साठ-पासष्टच्या तुकडीत माइक लावून शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांचा दोष नाही. तुकडी त्यांनी ठरवलेली नसते. तरी चाळीस मिनिटांच्या तासात मुलांच्या वाट्याला किती मिनिटं येतात, ते एकदा घड्याळ लावून मोजायला हरकत नाही.

त्याच परंपरेतला आणखी एक नियम मला फार आवडतो. मुलाला कोणत्याही अपमानास्पद नावाने हाक मारायची नाही; त्याचं जे नाव आहे त्यानेच हाक मारायची. नियम साधा वाटतो, पण कुठल्याही शिक्षक खोलीत मधल्या सुट्टीत जाऊन बसा. जाड्या, बावळट, शेवटच्या बाकावरची गँग, फी न भरणारे, ‘ते कोट्यातले’. ही नावं दारापर्यंत पोहोचतात आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या कानावर पडतात. मारण्याबाबतही नियमपुस्तक त्या काळाच्या मानाने कडक होतं. छडी आणि चामडी पट्टी तेव्हा सर्रास होती, ती ला सालच्या शाळांतही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण रागाच्या भरात शिक्षा करायची नाही, थोबाडीत मारायची नाही, लाथ घालायची नाही, कान-नाक-केस ओढायचे नाहीत, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. आपल्या देशात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर पूर्ण बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने. कान पिळणं म्हणजे काय मोठं, असं अजूनही म्हणणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांनी १७२० चं ते प्रकरण जरूर वाचावं. आणि मानसिक छळ या शब्दांत वर्गासमोर फीची यादी वाचून दाखवणंही बसतं, हे संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावं.

विवेक आणि शहाणपण हे दोन वेगळे गुण यादीत का, यावर या पुस्तकात दोन लेखकांचं एकमत झालेलं नाही. ते बरंच झालं. माझ्या मते दोन्हींचं एकत्र उदाहरण ला सालच्या एका निर्णयात सापडतं, आणि तो निर्णय आपल्या फार जवळचा आहे. त्या काळी फ्रान्समधल्या लहान शाळांत मुलांना वाचायला शिकवत ते लॅटिनमध्ये. फ्रेंच नंतर. लॅटिन ही चर्चची भाषा, विद्वानांची भाषा, वर जाण्याची शिडी. ला सालने ते उलटवलं : आधी फ्रेंच. एका बिशपांनी आक्षेप घेतला तेव्हा त्याने लेखी उत्तर दिलं. युक्तिवाद बिनतोड होता. गरिबांची मुलं शाळेत फार वर्षं टिकत नाहीत. हात कामाला लागले की आईबाप त्यांना काढून घेतात. लॅटिनने सुरुवात केली तर ती शाळा सोडतील तेव्हा त्यांना लॅटिनही नीट वाचता येणार नाही आणि फ्रेंचही. मग त्यांच्या हाती काय राहिलं? जी भाषा ते बोलतात ती वाचायला आली, तर निदान पुढे आयुष्यभर ते स्वतः काही वाचू शकतील.

हे वाचताना वसईचा माणूस थबकल्याशिवाय राहत नाही. आमच्या भागात कॅथलिक शाळेची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. सोळाव्या शतकात जेझुइटांनी इथे शाळा चालवली, आणि वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया त्यांच्याच हाताखाली शिकले. ते पुढे धर्मगुरू झाले नाहीत. फ्रान्सिस्कन ब्रदर म्हणून १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झाले. गोव्यात १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या माणसांसाठी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये लिहिण्याऐवजी मराठीत ओव्या रचल्या, आणि १६१६ मध्ये राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. ला सालचा जन्म त्यानंतर पस्तीस वर्षांनी झाला. म्हणजे लोकांच्या भाषेत शिकवण्याचा हा विचार आपल्याला फ्रान्सकडून उसना घ्यायची गरज नव्हती. तो कोकणपट्टीत आधीच होता. विसाव्या शतकात उत्तर वसईतल्या धर्मग्रामांनी चर्चच्या आवारात शाळा उभारल्या, तेव्हा त्यांतल्या कितीतरी मराठी माध्यमाच्या होत्या. सामवेदी आणि वाडवळ घरांतली मुलं घरी आपापली बोली बोलत आणि शाळेत प्रमाण मराठी शिकत. उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, ते याच मुळांमुळे.

आज त्याच आवारांत इंग्रजी माध्यमाच्या वर्गाला रांग आहे आणि मराठी माध्यमाच्या वर्गाला मुलं शोधावी लागतात. यासाठी पालकांना दोष देणं सोपं आहे, आणि मला ते अप्रामाणिक वाटतं. जे फादर आणि सिस्टर स्वतः इंग्रजीतून शिकून पुढे गेले, त्यांनी मच्छीमाराच्या मुलाला मराठीचं महत्त्व सांगणं म्हणजे रँसचाच जुना प्रसंग आहे. कोळ्याच्या बायकोनेही सुनावावं, ‘तुम्हाला परवडतं, फादर.’ तिचं म्हणणं चुकीचं ठरणार नाही. पण ला सालने विचारलेला प्रश्न मध्येच लोंबकळत राहतो. जे मूल आठवीत शाळा सोडतं, त्याच्या हातात आज काय असतं? इंग्रजी माध्यमात बसूनही इंग्रजी वाचता न येणारं आणि मराठी लिहिण्याचा कधी सरावच न झालेलं मूल प्रत्येक शाळेत आहे. विवेक या गुणाचा अर्थ कॅथलिक शाळेत आधी त्या मुलाकडे पाहणं असा असायला हवा. माध्यम कोणतंही असो. ते मूल शाळा सोडताना एका तरी भाषेत अर्ज लिहू शकलं पाहिजे, वर्तमानपत्र वाचू शकलं पाहिजे. या पुस्तकातल्या ‘शहाणपण’ या लेखात याचा जो प्रयोग सांगितला आहे, तो छोटा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर औदार्य आणि न्याय. न्याय हा बारांच्या यादीत स्वतंत्रपणे नाही, पण ला सालच्या शाळा न्यायालयात गेल्या त्या न्यायाच्या प्रश्नावरूनच. पॅरिसमध्ये सुलेखन आणि हिशेब शिकवणाऱ्या मास्तरांचा एक संघ होता आणि पैसे घेऊन शिकवण्याचा हक्क त्यांच्याकडे होता. त्यांची तक्रार अशी की ला सालच्या फुकट शाळांत ज्यांना फी परवडते अशी मुलंही बसतात, आमचं गिऱ्हाईक जातं. खटले झाले, दंड झाला, १७०४ मध्ये शाळेतलं सामान जप्त झालं. गरिबीचा दाखला पाहून मगच मुलगा घ्यायचा आणि बाकीचे परत पाठवायचे, असं केलं असतं तर भांडण मिटलं असतं. ला सालला ते मान्य नव्हतं. सगळे फुकट, सगळे एका बाकावर. सोनाराचा मुलगा आणि हमालाचा मुलगा शेजारी बसले तरच शाळा. आणि शाळेत न्याहारी करताना ज्यांच्याकडे पाव जास्त असेल त्यांनी आपखुशीने एका टोपलीत टाकायचा, मास्तरांनी तो ज्यांच्याकडे नाही त्यांना वाटायचा, अशीही व्यवस्था नियमपुस्तकात होती. ला सालच्या संघातल्या ब्रदरांनी मात्र मुलांकडून किंवा पालकांकडून काहीही घ्यायचं नाही. दिवाळीला किंवा नाताळला वर्गशिक्षिकेच्या टेबलावर जमणारी खोकी पाहिली की हा नियम आठवतो.

आपल्या शाळांची इथे एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांवर पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवण्याचं बंधन घातलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने दिलेला स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क मौल्यवान आहे आणि तो जपला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कायद्याने सूट मिळाली म्हणजे सुवार्तेने सूट दिली असं होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात गरीब, कुटुंबाच्या आधाराला मुकलेली आणि श्रद्धेपासून दूर असलेली मुलं यांच्याकडे कॅथलिक शाळांनी विशेष लक्ष द्यावं असं सांगितलं आहे. मग ज्या शाळेवर पंचवीस टक्क्यांचं बंधन नाही, त्या शाळेत स्वेच्छेने किती टक्के आहेत? ही संख्या प्रत्येक शाळेच्या कार्यालयात मिळू शकते. तिथेच मस्टरही असतं. शिक्षक ज्या आकड्यापुढे सही करतात तेवढाच पगार त्यांच्या हातात पडतो का, हा औदार्याच्याही अलीकडचा प्रश्न आहे.

भक्ती हा गुण वाचून अनेक शिक्षक पुस्तक मिटतील, कारण आपल्या कॅथलिक शाळांतले पुष्कळसे शिक्षक आणि बहुसंख्य मुलं कॅथलिक नाहीत. त्यांनी इतक्यात मिटू नये. ला सालच्या संघातले लोक धर्मगुरू नव्हते. त्याने ठरवूनच ब्रदरांना याजकपदापासून दूर ठेवलं, कारण वेदी आणि वर्ग या दोन्हींना एकच माणूस पुरणार नाही असं त्याला वाटत होतं. त्यांचं व्रत वर्गातच होतं. त्या अर्थाने ज्याची पूजेची खोली वेगळी आहे किंवा मुळीच नाही, अशा शिक्षकालाही हे प्रकरण परकं नाही. समोरचं मूल ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे असं मानणं, एवढं त्यात पुरेसं आहे. बाकी धार्मिक शिक्षणाबाबत राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने रेषा आखून दिली आहे : मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचं नाही. म्हणून आपल्याकडे कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि उरलेल्यांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. व्यवस्था योग्य आहे. तासाची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. त्याला गुण नाहीत, म्हणून गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिल्यांदा तोच तास जातो. शाळा कशाला मान देते, हे मुलांना वेळापत्रकाच्या या एका चौकटीवरून कळतं.

आता दक्षता. हा लेख लिहिताना लेखिकेला सर्वांत जास्त त्रास झाला असणार. जुन्या अर्थाने दक्षता म्हणजे मुलांवर लक्ष. सगळ्यांना सतत दिसेल अशा जागी मास्तराने बसावं, एकटं कुणाला सोडू नये. गेल्या काही दशकांनी या शब्दाचा रोख फिरवला आहे. आयर्लंडमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रायन अहवालाने कॅथलिक धर्मसंघांच्या संस्थांमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं कसा छळ झाला ते बाहेर आणलं. कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये तिथे जाऊन क्षमा मागितली. या शाळांच्याही भिंतींवर सद्गुण लिहिलेले असणार. तेव्हा ‘कॅथलिक शाळेचे सद्गुण’ या नावाचं पुस्तक आज हे पान टाळून लिहिता येत नाही. दक्षता आता मोठ्यांवर ठेवायची आहे : फादरांवर, ब्रदरांवर, शिक्षकांवर, बसच्या अटेंडंटवर, आणि संस्थेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसायला सांगणाऱ्या प्रत्येकावर. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. प्रकरण आधी ‘घरातल्या घरात’ मिटवू, ही मुभा त्यात नाही. ला सालच्या यादीतल्या नम्रतेचा सगळ्यात अवघड अर्थ संस्थेसाठी हाच आहे, की आपल्यात असं घडू शकतं हे ती आधीच मान्य करून चालते.

एका गोष्टीत मात्र माझा ला सालशी आणि म्हणून या पुस्तकाच्या रचनेशीही मतभेद आहे. गांभीर्याला पहिला क्रमांक? सतराव्या शतकात, ज्या मास्तरांना कुणी विचारत नव्हतं त्यांना समाजात उभं राहायला गंभीर चेहरा हवा होता, हे मी समजू शकतो. पण दीडशे वर्षांनी तुरीनमध्ये डॉन बॉस्को आले आणि त्यांनी मैदानालाच शाळा केलं. त्यांनी १८७७ मध्ये लिहिलेल्या छोट्या निबंधात बुद्धी, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर आपली पद्धत उभी केली. १० मे १८८४ ला रोमहून आपल्या माणसांना पाठवलेल्या पत्रात त्यांची खंत अशी, की शिक्षक आता मुलांबरोबर खेळत नाहीत, नुसते पाहत उभे राहतात. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते आहे हे मुलांना कळलं पाहिजे. त्यांचे सेल्शियन १९०६ मध्ये भारतात आले आणि पुढे मुंबईतही. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोचं मैदान पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शाळा सुटल्यावरही फुटबॉलमागे धावणाऱ्या फादरांकडून किती मुलं किती शिकली असतील! बारांत हसण्याला जागा नाही, ही त्या यादीची उणीव मला जाणवते. संपादकांना मी तसं म्हणालो. ते म्हणाले, सौम्यतेत घाला. मला ते पटलं नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. नव्याने नोकरीला लागलेल्यांनी धीर आणि सौम्यता यांपासून सुरुवात करावी. निवृत्तीला आलेल्यांनी तळमळीपासून, कारण तिचीच तेव्हा टंचाई असते. मुख्याध्यापकांनी नम्रता आणि दक्षता एकापाठोपाठ वाचावेत. व्यवस्थापन मंडळावरचे फादर, सिस्टर आणि सदस्य यांना वेळ कमी असतो हे मान्य. त्यांनी फक्त ‘औदार्य’ वाचावा, पण तो प्रवेश सुरू होण्याआधी वाचावा. प्रत्येक लेखाच्या शेवटी दिलेले प्रश्न शिक्षकसभेसाठी आहेत. ते मुलांना प्रकल्प म्हणून देऊ नयेत, अशी संपादकांची विनंती आहे आणि माझीही.